गिराण

पवनीच्या बाजारओळीत, रॉकेलच्या दुकानामागे
अंताराममामाचा स्टुडिओ.
एक स्टूल. पडद्यावर रंगवलेला हंस,
त्याच्या मानेचा पोपडा उडालेला.
आणि खुंटीवर एक काळा कोट,
तिसरं बटण नसलेला.

बिडी-कार्डाला फोटो लागायचा
म्हणून लोक यायचे, नाहीतर कोण येतो!
तो कोट घालून बसले
वैनगंगेवरून थेट ओल्या धोतरानं आलेले ढिवर,
तेंदूचे पुडे बांधून बोटं काळी झालेले माने,
रातच्याला मढ्याजवळ बसणारा झिबल मसनजोगी.
बाह्या कुणालाच बेतात आल्या नाहीत.
मामा दोन काचा खर्ची घालायचा,
एक सरकारची, एक पेटीतली.
पैसे नसले तर झिंगे घ्यायचा,
तेही नसले तर, "जाय, मंग देजो."

मग आली झुलन सोनझारीन,
सराफाच्या नालीतला गाळ चाळून
कणभर सोनं काढणारी.
तिनं कोट हुंगला. "कोनाचा हाय हा?"
मामाला सांगता येईना.
"मंग मी कायले घालू?"
तशीच बसली, कोपरापर्यंत चिखल,
आणि भिंगाकडे असं पाहिलं
जसं पाटीतल्या गाळाकडे पाहायची:
काही निघते का.

त्या रात्री मामीनं कोट उसवला.
त्याचा झाला कॅमेऱ्यावरचा काळा फडका.
पुढची एकवीस वर्षं
मामा त्याच कोटात शिरत राहिला,
मान खाली घालून,
जो समोर बसेल त्याच्यापुढे.

तो गेल्यावर पेटी माझ्याकडे.
चारशे काचा, बिडीच्या कागदात गुंडाळलेल्या,
काहींना बुरशी.
तालुक्याचे एक साहेब येऊन गेले.
"यात कोणी मोठं माणूस आहे का?"
मी म्हटलं, नाही.

त्याच साली खग्रास नाही, अर्धंमुर्धं ग्रहण लागलं.
मास्तर ओरडत होते, डोळे जातील रे!
तरी पोरांनी पेटीतून एक काच ओढलीच.
ठकूबाई खडसे, मांगवाड्यातली.
दर गिराणाला दारोदार ओरडत जायची,
दे दान, सुटे गिराण,
आणि लोक लांबून, वरून
विटके कपडे टाकायचे तिच्या ओट्यात.

काचेत तिचे पांढरे केस काळे,
काळा चेहरा पांढराफेक.
कुरतडलेला सूर्य
तिच्या कपाळामागून सरकत होता,
आणि पाटलाचा नातू काच सोडेना.
"थांब ना बे, मले पाहू दे अजून."

कागदावर मामाचं शिसपेन्सिलीचं अक्षर:
ठकूबाई. नदीकडची वस्ती. उधारी बाकी.

कोणाची कोणाकडे,
लिहिलेलं नाही.