अकराव्या थरावर

उद्यमनगरात रात्रीचे पावणेदोन.
खाली दस्तगीरचाचांची भट्टी निवत आलेली,
वर माळ्यावर माझा बिल्ड
अकराव्या थरावर अडकलेला.
मेमरी संपली, म्हणतो.
परवा म्हणत होता नेट नाही;
मिरजकर तिकटीला कुणी गटारीसाठी खोदताना
केबलच उचकटली होती.

हवाय काय, तर एक दस्तऐवज.
ओतकामातले शब्द, सगळ्यांनी मिळून लिहायचे,
आपल्याच खोलीतल्या जुन्या मशिनवर.
पेटी, रायझर, कोअर, मळी,
आणि आतून पोकळ निघालेल्या मालाला
शिफ्टमधली पोरं देतात ती शिवी.

पहिली इमेज घाईत बांधली होती.
चाचा तीन रात्री एका बोटानं टाइप करत बसले,
चौसष्ट शब्द.
मी नवं व्हर्जन चढवलं, जुना कंटेनर पुसला.
व्हॉल्यूम बाहेर जोडायचा राहिला होता.

सांगायला जिना उतरले तेव्हा ते चहा ओतत होते.
"वाळूचा साचा मोडायचाच असतोय, पोरी.
पॅटर्न जपायचा.
पन माल भायेर काढून मग मोडत्यात न्हवं?
तू त्यो आतच ठेवलास की."

मग पुन्हा बसले. शब्द तेच, अर्थ जरा हलले.
मळी : पहिल्यांदा नुसतं 'लोखंडावरची घाण'.
आता : 'कडछीनं काढायची. काढताना बोलायचं न्हाई.'

पीडीएफ काढली तर पानभर चौकोन,
एक अक्षर नाही. देवनागरी फॉन्ट
मी इमेजमध्ये घातलाच नव्हता.
चाचांनी चष्मा पुसून पाहिलं :
"ह्या तर आमच्याच पेट्या. वाळू कुठाय?"

आज फॉन्ट घातलाय. स्वॅप वाढवलीय.
एका वेळी एकच काम लावून
पंखा मशिनकडे वळवून बसलेय घामात.
दहा थर जुनेच, कॅशमधून, झरझर.
अकरावा.
अकरावा.
बारावा.

चार वाजून दहा. कंटेनर उठला,
व्हॉल्यूम बाहेर, दोनदा तपासला.
पान उघडलं तर तिथं दुसरा कर्सर,
हिरवा, 'दस्तगीर शि.' अशी पाटी लावून.
म्हणजे तेही झोपले नव्हते.

यादीच्या तळाशी त्यांनी लिहिलं : इमेज.
पुढं काही नाही, नुसती उघडझाप.
मी लिहिलं, 'लाकडी पॅटर्न'.
थोडा वेळ गेला.
त्यांनी 'लाकडी' खोडलं.