सोमवारी स्टुडिओ बंद

सहा दिवस मी माणसांना सांगतो, हसू नका.
चष्मा काढा, हनुवटी जरा वर, कान दिसू द्या.
मागे पांढरा पडदा, पुढे मी,
मधे माणूस, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर.
सोमवारी दुकानाचं शटर खाली ओढतो
आणि कॅमेऱ्यातलं उघडायला निघतो.

मे महिन्यातला पहिला सोमवार गावातच गेला.
गंगेवर सकाळी सातलाच पायऱ्या तापलेल्या,
कुणीतरी धुतलेली सतरंजी वाळत टाकलेली,
तिच्यावर एक कुत्रं, मालकासारखं.
तिथून तांबट आळी.
मुरलीधर तांबट घंगाळ ठोकत बसलेले,
त्यांचा ठोका चुकत नव्हता, माझा चुकत होता.
दर फोटोत हातोडी एकतर वर, नाहीतर खाली,
तांब्याला लागते तो क्षण एकदाही नाही.
स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.
'आवाज येतो का हो यात?'
नाही म्हणालो.
'मग घंगाळ मुकं निघायचं,' म्हणाले,
आणि पुन्हा ठोकायला लागले.

दुसरा सोमवार, निफाडच्या अलीकडे.
छाटलेल्या बागांना पोपटी फूट,
रस्त्यावर डांबर मऊ, बाईकचं स्टँड रुतलेलं.
कांद्याच्या चाळीत ठकूबाई गांगुर्डे निवड करत होत्या.
फटींतून आलेलं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर,
हवेत पापुद्रे, लालसर, हलके,
असा उजेड वर्षातून एकदा मिळतो.
मी कॅमेरा उचलला तशी बाई म्हणाली, 'थांब.'
आत गेली.
आली ती हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल, ठसठशीत कुंकू.
तोवर ऊन चाळीवरून सरकून गोठ्यावर गेलेलं.
ट्रॉलीला पाठ लावून उभी राहिली,
हनुवटी आपणहून वर,
हसू नका सांगायचीही गरज नव्हती.
'मोठा कर,' म्हणाली. 'आणि हाराला जागा ठेव.'

तिसऱ्या सोमवारी समुद्र.
पहाटे साडेतीनला किक मारली.
त्र्यंबक झोपलेलं, मोखाड्यात चहा,
जव्हारच्या वळणावर पानाच्या द्रोणात करवंदं,
जीभ चिकट, बोटं जांभळी.
बोर्डीला पोचलो तर समुद्र घरी नव्हता.
नुसती ओली वाळू, दूर दूर,
आणि अगदी टोकाला एक रेघ, पेन्सिलची असावी अशी.
बोंबील वाळत घालणारी म्हणाली, 'दुपारी येईल तो,'
जसं शेजारणीच्या नवऱ्याबद्दल सांगावं.
दीडशे किलोमीटर आलेला माणूस मी,
सुरूच्या सावलीत बसून राहिलो.
बाईने अर्धी भाकरी दिली, वर सुका जवळा.
मग तो आला.
आधी आवाज आला, पाणी नंतर.
मी अकरा फोटो काढले.
अकराही मुके.

मंगळवारी ट्रायपॉडच्या पायातून वाळू सांडली
पांढऱ्या पडद्यापुढे.
एका पोराने तीवर पाय ठेवला
आणि दुबईच्या नोकरीसाठी गंभीर झाला.

चौथ्या सोमवारी कुठेच जायचं नव्हतं.
फ्रेम पोचवायची होती, बारा बाय अठरा,
वर हाराला चार बोटं जागा.
ठकूबाईने पदराने काच पुसली.
बराच वेळ पाहिलं. 'कोण गं ही बाई?'
मग सुनेला हातोडी आणायला सांगितली.
मी म्हणालो, अहो, आत्ताच?
'मग कधी? मेल्यावर मला थोडीच दिसणारे?'
खिळा ठोकला. हार काही नव्हता,
चाळीच्या किल्लीचा सुतळीचा फास होता कमरेला,
तोच काढून फ्रेमवरून सोडला,
दोन पावलं मागे आली
आणि स्वतःच्याच त्या करड्या चेहऱ्याकडे बघून
हसायला लागली, तोंडाला पदर न लावता,
खालचे दोन दात नाहीत ते सगळं दिसेपर्यंत.

माझ्या जिभेवर सवयीचं ते वाक्य आलेलं.
कॅमेरा डोळ्याला लावला.