ओला पंचा

नौतप्याचा तिसरा दिवस, दाणाओळीत पारा सेहेचाळीसवर,
आणि ढोलेकाकांचा निरोप:
"मशीन चालून राहिलं आहे. बघून जा. पेन घेऊन ये."

पेन, कारण मी मुलींच्या कॉलेजात
एकोणीस वर्षं फिजिक्सचं प्रॅक्टिकल घेते,
आणि त्यांच्या अर्जात सगळ्यात खाली
'समक्ष पाहिले' पुढे एक ओळ रिकामी होती.

काका बिर्लानगरच्या मिलमध्ये बॉयलरवर होते.
मिल गेली, भोंगा गेला.
काटा अडकलेला एक दाबमापक तेवढा घरी आला;
देवांच्या फळीवर, गणपतीशेजारी,
तो अजून बारा किलो दाखवतो.

"उष्णता म्हणजे काय गं?"
मी वीस मुलींना विचारते तसंच त्यांनी मला विचारलं.
"उनाड पोरं. गल्लीभर फुकट हुंदडतात.
धरून शाळेत बसवायची, बस."
मग इलेक्ट्रॉनवर आले.
भिंत आली की आपण दार शोधतो.
तो शोधत नाही. कधीमधी तो सरळ पलीकडेच असतो.
हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला
की मला वाटलं, मिलच्या फाटकाबद्दल बोलतायत.

यंत्र असं: भंगारातल्या वॉटर कूलरच्या चार पांढऱ्या चकत्या,
तांब्याच्या पट्ट्या,
एक पश्चिमेच्या तापल्या दगडी भिंतीला टेकलेली,
दुसरी माठाच्या पोटाला.
"माठ नुसता टेकू. स्टूल मोडलं म्हणून."
आणि मध्ये, मोहरीएवढा हिरवा,
दिवा.

लाइट गेलेलीच होती.
पंखा थांबलेला, गल्ली थांबलेली.
तो चालू होता.

म्हटलं, काका, नुसत्या उष्णतेतून काही निघत नाही,
फरक लागतो. इकडे गरम, तिकडे गार.
सगळं सारखं झालं की संपलं.
"पुस्तक तसं म्हणेलच," ते हसले.
मी पेन उघडलं, बंद केलं.
आठवडाभर रीडिंग घेऊ, म्हटलं.

पहिला दिवस: चालू.
दुसरा दिवस: चालू.
तिसऱ्या दिवशी शैलाकाकू भावाकडे झाशीला गेल्या.
चौथ्या दिवशी दुपारी दिवा गेला.

काकांनी रात्रभर सोल्डर केलं,
चकत्या उलटल्या, तारा बदलल्या,
वहीत लिहिलं, "कण दमले असावेत."
ते वाक्य मला खोडवेना.

सहाव्या दिवशी काकू टेम्पोतून उतरल्या,
चपला न काढता आत आल्या,
माठावर हात ठेवला.
"अहो, पंचा वाळून पापड झालाय!
पाणी काय चहासारखं प्यायलात चार दिवस?"
तांब्याभर पाणी ओतलं पंच्यावर,
त्या यंत्राकडे न बघता,
आणि पिशवीतून आंबे काढत बसल्या.

दहा मिनिटं. बारा.
मोहरी हिरवी झाली.

बाहेरून लूची एक झुळूक आली, भट्टीच्या तोंडाची,
ओल्या पंच्याला लागली,
आणि दिवा आणखी ठळक झाला.
काका कुणाशी काही बोलले नाहीत.
माझ्या हातातलं पेन घेतलं,
अर्जात 'इंधन' पुढचं 'काही नाही' खोडलं,
लिहिलं, 'पाणी, रोज चार तांबे.'
पुढे 'ओतणार' लिहून थांबले.
'सौ.' लिहिलं, तेही खोडलं,
नुसतं 'शैला' लिहिलं.
काकू म्हणाल्या, आधी आंबा खा, मग काय ते लिहा.

सही मी केली. समक्ष पाहिलं तर होतंच.

रात्री घरी निघाले तेव्हा साडेदहा वाजले होते.
वर किल्ला दिवसभर प्यायलेलं ऊन
परत सोडत होता, खालच्या सगळ्या लष्करवर,
कुणाचं किती, हिशोब नाही.
एवढी उष्णता.
आणि त्याला गुंडाळायला
एवढा मोठा पंचा कुणाकडे नाही.