पाणी परत

प्यो गुमोक बटणं कापते.
चेन उसवते, कॉलरमधलं कॅनव्हास ओढून काढते,
खिशात सापडलेलं बसचं तिकीट
वेगळ्या डब्यात.

देगूच्या याच रस्त्यावर
एकोणीसशे ब्याऐंशी साली
ती हेच पॉलिएस्टर विणायची,
रात्रपाळीला, कानांत कापूस घालून.
मुकादम सांगायचा,
हे कापड तुझ्या नातवंडांनाही पुरून उरेल.
उरलं.
नातवंडं अजून झाली नाहीत.

प्रयोगशाळेतली हान्युल
पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवते:
साखळी जुळली तेव्हा गाठीगाठीला
पाण्याचा एकेक कण निसटला होता.
तो परत द्यायचा, एवढंच.
"आम्ल नको?"
"नुसतं पाणी. अडीचशे अंश.
वरून दाब, त्याला वाफ होऊ द्यायची नाही."

मी व्हॉल्व्ह तपासायला आलेला माणूस.
माझ्या भाषेत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं
की ती आपली राहत नाही.
हे दुभाष्याला सांगायला गेलो,
तो म्हणाला, गळती आहे का कुठे?

नव्हती.

सकाळी टाकी निवली.
काजळी रंग गाळून, तीनदा धुऊन
ताटात आलं ते पांढरं,
तांदळाच्या पिठीसारखं.
कुणाच्या जर्सीचा नंबर नाही त्यात,
कुणाचं माप नाही.
सुती दोरे तेवढे जाळीवर अडकलेले,
ओले, हट्टी.

गुमोकनं हातमोजा घालून चिमूट उचलली,
अंगठ्यानं चोळली,
आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं
हलकेच ओढून पाहिलं
धागा निघतो का.