नमुना सही

दौलतगंजच्या सहकारी बँकेत
बाबा एकतीस वर्षं सह्या जुळवत बसले.
डावीकडे नमुन्याचं कार्ड, उजवीकडे चेक,
मधे काचेचा गोल पेपरवेट. तेच भिंग.
रात्री जेवताना सांगायचे:
दाल बाजारातले गोयल शेठ घाईत असले
की 'य'ची शेपटी तोडतात.
अष्टपुत्रे बाईंची सही, यजमान गेल्यापासून,
ओळ सोडून खाली उतरते.

मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही.
पुढे फॉरेन्सिक म्हटल्यावर
जिन्यातून भदौरिया काकी ओरडल्या,
"बिटिया मुर्दाघर में बैठेगी?"
नाही काकी, कागदांपाशी बसेन.
त्यांना ते जास्तच वाईट वाटलं.

बावीस जणांचा वर्ग.
रक्ताचे शिंतोडे शिकलो ते बिटाच्या रसात साखरेचा पाक घालून,
फरशीवर माशा आल्या,
त्याही निरीक्षणवहीत आल्या.
मग हर्डीकर मॅडमनी एका जुन्या मृत्युपत्रावर
टॉर्च आडवा धरला,
आणि सपाट कागदावर चढउतार दिसू लागले,
फाडून नेलेल्या वरच्या पानावरचं लिहिणं
खालच्या पानात रुतून बसलेलं.
"अक्षर सगळेच बघतात," त्या म्हणाल्या,
"तुम्ही वेग बघा.
खोटं लिहिणारा सावकाश लिहितो."

सतरा जागा निघाल्या.
नऊ हजार अर्ज, मग स्थगिती,
मग वयाची अट, मग शुद्धिपत्रक.
तन्मय दिघे इंदूरला विमा कंपनीत
जळालेल्या गोदामांचे फोटो तपासतो.
रुख्सार सायबरकडे वळली, तिथे पगार तरी तारखेला होतो.
आणि आमचा जाटव कंपूला क्लास चालवतो,
होतच नाही त्या परीक्षेचा.
बॅच भरलेली असते.

मला चौथ्या वर्षी मिळालं, अकरा महिन्यांच्या करारावर.
सागरला प्रशिक्षण, परत येताना
बॅगेत ओळखपत्र, त्यावर माझीच सही
चौकटीत मावावी म्हणून आखडलेली.
मलाच ती संशयास्पद वाटली.

रुजू होण्याच्या आदल्या रात्री
बाबांनी ट्रंकेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं.
आत एकच कागद.
ज्याबद्दल आमच्याकडे बोलायचं नसतं तो चेक:
अठ्ठेचाळीस हजार, वि. ग. शितोळे.
मी तिसरीत होते.
दोन वेतनवाढी थांबल्या
आणि बाबा काउंटरवरून उठून
जुन्या लेजरच्या खोलीत गेले, एवढंच मला ठाऊक.

ट्यूबलाइटखाली कागद ठेवून
त्यावर तोच पेपरवेट ठेवला.
"बघ," म्हणाले,
तापलेलं मूल डॉक्टरपुढे करावं तसे.

मी पाहिलं.
'ळ'च्या वळणावर पेन थांबलंय की काय,
की तो मशीनचा ठिपका?
कागद उलटा केला, बोट फिरवलं. दाब नाही.
शाईच नव्हती तिथे,
नुसती भाजलेली काळी भुकटी.

"बाबा, झेरॉक्सवरून मत देता येत नाही."

पहिल्या सत्रातलं वाक्य. दोन मार्कांना येतं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
खाली कुणीतरी गजकवाल्याशी हुज्जत घालत होतं.
"चौकशीवाल्या साहेबांनी दिलं होतं," बाबा म्हणाले,
"ह्याच कागदावरून.
मूळ चेक फाइलमधून गेला होता तेव्हा."

पेपरवेट बनियनला पुसून बाजूला ठेवला.
चष्मा चढवला, फोल्डरच्या मागे
जागा शोधली, पेनाचं टोपण काढलं.

"पुस्तकात कितव्या पानावर आहे गं हे?
सावकाश सांग."