एकच पाइप

सिंक तुंबलं तेव्हा घरात फक्त चहाची भांडी होती,
आणि वर आलं ते पाणी पांढरट, तांदळाच्या धुवणाचं.
आमच्याकडे सकाळी पोळ्या.
म्हणजे हे वरच्यांचं,
खाली जायला निघालेलं, वाट न मिळून
आमच्याकडे उतरलेलं.

रबरी पंप मारला, तेवीस वेळा.
किटलीभर कढत पाणी. सोडा, त्यावर माडाचं व्हिनेगर;
फसफसलं छान, पाणी काही हललं नाही.
खाली बादली ठेवून ट्रॅप उघडला.
आतून लख्ख. खोबऱ्याचा कीससुद्धा नाही.
'बघा,' जिन्यात ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं,
'आमचा साफ आहे.'

फोंड्यात, तिस्कावर, आमची इमारत;
मजले तीन, आतडं एक.
तळाला वळवईकर, मोरीत घोटाभर पाणी.
दुसऱ्यावर तळावलीकर, ज्यांचा श्रावण
दारावरच्या पाटीइतका ठळक.
तिसऱ्यावर आनारोजिना बाय.
'त्यांचंच असणार,' तळावलीकर हळूच म्हणाले,
'त्यांना कुठे वार.'

रोमाल्द दुपारी आला, खांद्यावर तारेचं वेटोळं.
मागच्या बोळात बसून पाइपाच्या तळाचं झाकण फिरवलं.
'सरात पैस,' म्हणाला. कुणी सरलं नाही.
तार आत गेली, हात, दोन हात, अडली.
त्याने ती पिळली
आणि ओढली.

आधी काळा, साबणी गोळा. त्यात चहापत्ती,
नारळाचा चव, चांदीचा बाळचमचा
(वळवईकरांच्या नातवाचा; दोन वर्षं
कामवालीवर आळ होता).
मूठभर तिरफळं. 'खतखत्यातलीही असतील,'
कुणीसं पटकन म्हणालं.

मग खवले.
चोणकाचे. जुन्या आठ आण्यांएवढे,
उन्हात असे चमकले की मांजर धावत आलं.

श्रावणातला दुसरा सोमवार.

तळावलीकरांनी मान वर करून
तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.
खिडक्या बंद. दोरीवर एक कपडा नाही.
'आनारोजिना?' रोमाल्द तार पुसत होता.
'ती जून म्हयन्यासावन धुवेगेर, लिस्बनाक.
चावी म्हजेकडेन.'

मग आम्ही सगळ्यांनी आभाळ पाहिलं.
प्रत्येकी दोनशे निघाले, घासाघीस न होता.
वळवईकरांनी तर सुटेही परत घेतले नाहीत.
चमचा मात्र खिशात घातला. कामवालीचं नाव
कुणी काढलं नाही.

संध्याकाळी सिंकने मोठा घोट घेतला,
ढेकर दिली, रिकामं झालं.
मी बाजारातून जाळी आणली, पस्तीस रुपयांची,
भोकावर बसवून पाहिली.

ट्रॅप मी दुसऱ्यांदा उघडला होता, हे आता सांगतो.
पहिल्यांदा आदल्या रात्री, दीडला, टॉर्च दातांत धरून;
निघालं ते सगळं न्हाणीत ओतलं, वर चार तांबे पाणी.
वाटलं, गेलं.

बायको बहिणीकडून परतली, काही बोलली नाही.
जेवताना माझ्या ताटाशेजारी फक्त
लिंबाची अर्धी फोड ठेवली, हातांना लावायला.

पण त्या तारल्या होत्या, पन्नास रुपयांच्या.
चोणक आम्हाला कुठला परवडायला.