अकरा मिनिटं

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीची फाइल
एकवीस वर्षांची, एकसंध, अवजड:
नौका, मालक, डिझेल, थकबाकी, बर्फाच्या लाद्या.
जुना प्रोग्राम एका आकड्यासाठी
सगळी पुन्हा लिहून काढायचा, पहिल्या नावापासून.
अकरा मिनिटं.
बशीर हमदुले तेवढा वेळ टेबलाला हात लावत नसत,
पंख्याकडे बघत बसत.
पंखा थांबला की समजायचं.

एकदा 'पद्मावती'पाशी थांबला.
तिच्या पुढच्या एकशे चाळीस नौका
नुसती शून्यं.
पावत्यांवरून परत भरता भरता गणपती आले,
आणि पावत्यांना वास कोलंबीचा.

मला बोलावलं तेव्हा ओहोटी होती.
मोठ्या बोटी लांब, खोल पाण्यात उभ्या,
आणि बैलगाड्या छातीभर पाण्यात शिरून
टोपली टोपली माल काठावर आणत होत्या.
बोट कुणी हलवत नव्हतं.
तिथेच सुचलं, असं मी सांगते.
खरं तर त्याआधी तीन रात्री चुकत होते.

आता मोठ्या फाइलीला दिवसा हात नाही.
शेजारी एक चिंचोळी वही,
तिच्यात एक ओळ: कुठे, काय होतं, काय झालं.
मग डिस्कला दरडावायचं,
तोंडदेखलं हो म्हणू नकोस, उमटलं का सांग.
उमटलं, तरच बशीरभाईंना 'झालं'.
रात्री, लिलाव आटपल्यावर,
ओळी आपापल्या जागी जाऊन बसतात.
मध्येच वीज गेली तर परत पहिलीपासून;
दोनदा बसवली तरी ओळ तीच.

बुधवारी यमुना चोगले आली.
'हिरादेवी'चा मालक बदलायचा होता.
मी अजून तिथेच, स्टुलावर, चुका टिपत.
बशीरभाईंनी एक बटण दाबलं.
"झालं."
"एवढ्यात?"
तिने पिशवी उचलली, परत ठेवली.
"आणि त्यांचं नाव?"
बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, आत आहे अजून, रात्री अकरापर्यंत.
कुणी विचारलं तर तुमचंच सांगेल,
पण आहे.

ती बाकावर बसली.
दापोलीची एसटी सुटली, पुढचीही.
लिलावाचा पुकारा वाळूवरून येत राहिला,
सुरमई, हलवा, परत सुरमई.
बशीरभाई कुलूप शोधायला लागले
तेव्हा मी वेळेच्या रकान्यातले अकरा खोडले,
बारा लिहिले.
तासाभराने काय होतं म्हणा.